उष्ण प्रदेशांतील द्विदल चारापिकांच्या नमुन्यांचे गट कसे पाडावेत

स्टायलो, सेंट्रोसिमा, दशरथ, गोकर्ण यांसारख्या द्विदल चारापिकांचे असंख्य नमुने जनुकपेढ्यांत जतन केलेले आहेत. त्या सर्वांची मोठ्या क्षेत्रावर चाचणी घेणे शक्य नसल्याने आधी गट पाडून प्रत्येक गटाचे मोजके प्रतिनिधी पुढे न्यावे लागतात. केवळ प्रजातीच्या नावावर ही निवड करू नये, कारण एकाच प्रजातीतील नमुन्यांत फुलोऱ्याचा काळ, वाढीची ठेवण आणि रोगप्रतिकार यांबाबत मोठा फरक आढळतो.

प्रथम प्रत्येक नमुन्याच्या मूळ स्थळाचा अक्षांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, पर्जन्यमान आणि मातीचा सामू नोंदवावा. नंतर सर्व नमुने परिचित वाणांसोबत एकाच शेतात, पुनरावृत्तीसह लावावेत. बियांचे कठीण कवच खरवडून घ्यावे, म्हणजे उगवण एकसारखी होते. रायझोबियमकडे, म्हणजे मुळांच्या गाठींत राहून झाडाला हवेतील नत्र मिळवून देणाऱ्या जीवाणूंकडे, विशेष लक्ष द्यावे: स्टायलोसँथस सीब्रानासारख्या प्रजातीला ठरावीक जीवाणूच लागतात, आणि ते न मिळाल्यास नत्राअभावी पिवळी पडलेली झाडे आनुवंशिकदृष्ट्याच कमकुवत आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नोंदवायच्या गुणांत फुलोऱ्याला मी सर्वांत वरचे स्थान देईन. लवकर फुलणारा नमुना अल्प पावसाच्या प्रदेशातही बी धरून टिकतो, तर उशिरा फुलणारा अधिक काळ पाला देतो. याशिवाय पान-खोड प्रमाण, कापणीनंतरची फूट, कोरड्या हंगामात टिकणारा पाला आणि बीजोत्पादन मोजावे.

एकमेकांशी घट्ट संबंध असलेल्या गुणांपैकी एकच ठेवावा, अन्यथा गट पाडण्याच्या गणितात त्याचे महत्त्व दुप्पट होते. मोजमापे आणि वर्णनात्मक गुण एकत्र असतील तर गोवर यांचा साम्य-निर्देशांक (दोन नमुने एकमेकांशी किती मिळतेजुळते आहेत हे सांगणारा आकडा) वापरून श्रेणीबद्ध समूहीकरण करावे, म्हणजे सारखे नमुने टप्प्याटप्प्याने एकत्र जोडत गट तयार करावेत. मूळ स्थळाची माहिती मात्र त्या गणितात घालू नये. तयार झालेले गट हवामानाशी जुळतात का, हे तिच्या आधारे नंतर स्वतंत्रपणे पडताळता येते.

करप्याचा प्रतिकार वेगळा तपासावा. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात या रोगाने टाउन्सव्हिल स्टायलोची कुरणे उद्ध्वस्त केली, म्हणून उत्पादनात सरस पण रोगाला बळी पडणारा गट सरासरीच्या आड लपता कामा नये. सुबाभळीच्या बाबतीत मिमोसिन या जनावरांना अपायकारक द्रव्याचे प्रमाणही पाहावे.

शेवटी प्रत्येक गटातून दोन-तीन नमुने निवडावेत आणि कोणत्याही गटात न बसणारे नमुनेही चाचणीत ठेवावेत. दुर्मीळ गुण बहुधा त्यांच्यातच सापडतात.