बाटलीच्या रॉकेटला रंग देताना

सोड्याच्या बाटलीवर थेट रंग लावू नका. मी लालबागच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. विसर्जन उरकलं की चाळीतली पोरं रिकाम्या बाटल्या घेऊन दारात येतात आणि त्यांना लगेच ब्रश हवा असतो. पण पाण्याच्या रॉकेटची बाटली, म्हणजे थोडं पाणी भरून, तोंड खाली ठेवून, पंपाने हवा कोंडून उडवायची बाटली, हवेचा दाब सोसते. तिला पॉलिश पेपरने घासलं, स्प्रे मारला किंवा गरम ग्लू लावला तर प्लास्टिक कमजोर होऊन पंप मारताना फुटू शकतं. म्हणून सगळी कला कागदावर करायची.

ड्रॉइंगच्या जाड कागदाचा पट्टा बाटलीभोवती गुंडाळून मापून घ्या, जोडाला दोन बोटं जास्त ठेवा. मग तो सपाट पसरून मुलांच्या हवाली करा. रॉकेट सुटताना पाणी उडतं, त्यामुळे स्केचपेन आणि वॉटर कलर ओघळतात. ऑइल पेस्टल किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या, आणि वरून वहीला घालतो तसलं पारदर्शक कव्हर.

आपल्या मुंबईचं आभाळ बरेचदा पांढुरकं, धुरकट असतं. आकाशी, पांढरा, चंदेरी त्यात हरवतात. भडक केशरी, लाल, काळा लांबूनही दिसतो. फ्लोरोसंट रंगाखाली पांढऱ्याचा हात हवाच, नाहीतर तो मळकट दिसतो. मूर्तीलाही आम्ही आधी पांढरा देतो. हवा दमट असेल तर पट्टा रात्रभर पंख्याखाली राहू द्या.

जुन्या प्लास्टिक फाइलचे तीन पंख कापा. त्यातला एक वेगळ्याच रंगाचा ठेवा, म्हणजे रॉकेट स्वतःभोवती फिरतंय का ते खालून कळतं. 1969 साली माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटवरचे काळे-पांढरे पट्टे याच कामाचे होते. मुलांना हे सांगितलं की नक्षीमागे कारण शोधायला लागतात.

अगदी लहानग्यांना ब्रश नको, बोटांचे ठसे उमटवू द्या. मोठ्यांना मी आखणी शिकवते. पट्टा बाटलीवर चढवायचा, बाटली मांडीवर आडवी घ्यायची, करंगळी कागदावर टेकवायची, श्वास रोखायचा. ब्रश जागेवर ठेवून बाटली हळूहळू फिरवायची. रेघ आपोआप गोल येते. वाकडी आली तरी तुम्ही ती सुधारू नका, मुलांचा हात त्यात दिसू दे.

टिकल्या, मोती, चमकी फक्त वरच्या टोकाकडे. शेपटाकडे वजन वाढलं की रॉकेट कोलांट्या खातं. पाणी न भरता, रॉकेट जिथे आडवं तोललं जातं तिथे दोरा पक्का बांधून मोकळ्या जागी डोक्याभोवती फिरवून बघा. नाक पुढे राहिलं तर ठीक. नाहीतर बाटलीच्या बुडावर बसवलेल्या नाकाच्या टोपीत शाडूची छोटी गोळी दाबा आणि वर स्पंजचा अर्धा चेंडू लावा. टोक मऊच हवं.

मैदानात पंप मोठ्यांनीच मारायचा, पोरं लांब. उडवून झालं की पट्टा काढून दोरीला चिमट्याने वाळत घाला. बाटलीला पांढरी चुणी किंवा ओरखडा दिसला तर ती भंगारात द्या. पट्टा नव्या बाटलीवर चढतो.