ट्रायक्लोफॉस शिकताना घ्यायची काळजी

एम.डी. फार्माकॉलॉजीच्या पहिल्या वर्षी निद्राजनक औषधे वाचताना मी ट्रायक्लोफॉस दोन ओळींत संपवले होते. ते पुन्हा वाचायला लावले ते बालरोग विभागातील ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाच्या) खोलीने. झोपेत आलेख काढायचा म्हणून पहाटेपासून जागे ठेवलेल्या दीड वर्षाच्या मुलीने आईच्या मांडीवर निम्मे औषध थुंकून टाकले. अर्ध्या तासात झोप लागेना, तेव्हा पोटात किती गेले याचा अंदाजच करून आम्ही दुसरा डोस दिला. आलेख उत्तम निघाला, पण दिवेलागण झाली तरी मूल नीट जागे होईना. श्वास आणि ऑक्सिजन ठीक होते. तरीही ती आई दर पाच मिनिटांनी मुलीच्या तळपायाला गुदगुल्या करून बघत होती, हे मी विसरू शकलेलो नाही.

ट्रायक्लोफॉस स्वतः झोप आणत नाही. त्यातील फॉस्फेट शरीरात सुटते आणि ट्रायक्लोरोइथेनॉल तयार होते. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा-ए ग्राहीवर (रिसेप्टरवर) काम करते ते हेच. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, सुमारे ८ ते १२ तासांचे असते, नवजात बालकांत त्याहून कितीतरी अधिक, त्यामुळे दुसरा डोस पहिल्यावर चढतो.

या औषधाचे मूळ क्लोरल हायड्रेट या जुन्या निद्राजनकात आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी क्लोरल १८३२ मध्ये बनवले आणि १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांनी ते निद्राजनक म्हणून वापरात आणले, तेही शरीरात त्याचे क्लोरोफॉर्म होईल या समजुतीने. समजूत चुकीची होती, झोप मात्र खरी होती. क्लोरलचेही ट्रायक्लोरोइथेनॉलच होते. म्हणून नवीन विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की बाटलीवरील नाव पाठ करण्याआधी रक्तात प्रत्यक्ष काय फिरते आणि किती वेळ, हे कागदावर काढावे.

ट्रायक्लोफॉसला विशिष्ट उतारा नाही आणि मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडू शकते, हेही त्याच कागदावर असावे. ५ मिलीलीटरमध्ये ५०० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचा हिशेब मुलाचे वजन त्याच दिवशी करूनच मांडावा, आणि मूल पूर्ण जागे होईपर्यंत पल्स ऑक्सिमीटर काढू नये. केसपेपरवर डोसाच्या वेळेशेजारी ‘थुंकले’ हा शब्द लिहिण्याचा मी आजही हट्ट धरतो, कारण पुढच्या पाळीच्या डॉक्टरला तो दुसऱ्या कुणाकडून कळणार नसतो.