माहिती अधिकारात उडवाउडवीचं उत्तर आलंय? पहिलं अपील टाका
"सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" अशी एक ओळ आली की वैतागून गप्प बसू नका, संबंधित नसेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज ५ दिवसांत योग्य ऑफिसला पाठवायचं काम त्यांचंच असतं. उत्तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे (म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे) अपील टाका, महाराष्ट्रात २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर आलेलं पाकीट जपा, पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा (मी एकदा फेकलं, मग बसलो हात चोळत). अपिलात रडगाणं नको, मुद्दा क्रमांक टाकून काय मागितलं आणि काय दिलं एवढंच लिहा. निकाल ३०, फार तर ४५ दिवसांत. नाहीच आला तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील.