ग्रीन कार्डच्या रांगेत आहात? गावाकडचा जन्मदाखला आताच बघा

अमेरिकेत नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्डला अर्ज केलेल्या भारतीयांची रांग वर्षानुवर्षं रेंगाळते, कारण एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त व्हिसा येत नाहीत. रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या दर महिन्याच्या सरकारी व्हिसा बुलेटिनवर जीव टांगून ठेवण्यापेक्षा या काळात कागदपत्रं मार्गी लावा. जुन्या जन्मनोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव चढवून घ्या. नोंदच सापडत नसेल तर तसा दाखला मागा आणि आईवडिलांची, नाहीतर जन्म ठाऊक असलेल्या आत्या-मामांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा. ही मंडळी हिंडती-फिरती आहेत तोवर हे व्हायला हवं, म्हणून मी ओळखीतल्या प्रत्येकाच्या मागे लागते.

आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झाला असेल तर कंपनीकडून त्याची प्रत मागा, निदान पावती क्रमांक तरी. नोकरी बदलली तरी जुनी प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख) सहसा टिकते, तेव्हा हा कागद सोन्यासारखा जपा. घर बदललं की १० दिवसांत अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवा. मूल २१ वर्षांच्या जवळ येत असेल, तर मात्र वकिलाला आधीच गाठा, कारण २१ नंतर ते तुमच्या अर्जातून वगळलं जाऊ शकतं.