ड्रिफ्टवूडवरचं काळं शेवाळ घासून जात नसेल तर

माझा माशांचा दोन फुटी टँक आहे, पुण्यात सिंहगड रोडला घरी हॉलमध्ये, आणि गेल्या वर्षी त्यातल्या ड्रिफ्टवूडवर, म्हणजे सजावटीला ठेवलेल्या लाकडावर, काळ्या केसांसारखं शेवाळ आलं ते काही केल्या जाईचना. टूथब्रशने घासलं की आठ-दहा दिवसांत परत जसंच्या तसं. हे बीबीए, म्हणजे ब्लॅक बिअर्ड अल्गी. दिसायला काळं पण मुळात लाल शेवाळांच्या गटातलं आहे, त्यामुळे मरायला लागलं की गुलाबी-लालसर होतं, ही खूण लक्षात ठेवा.

आधी एक बघा, नवीन लाकूड टाकलं असेल आणि त्यावर पांढरा बुळबुळीत थर आला असेल तर ते शेवाळ नाही, बुरशी आणि बॅक्टेरिया असतात, त्रास काही नाही, काही आठवड्यांत आपोआप जातं. उगाच औषधं ओतू नका.

बीबीएच असेल आणि लाकूड बाहेर निघत असेल तर सरळ उकळा. स्वयंपाकाचं भांडं नको, एखादं जुनं पातेलं या कामालाच ठेवा. वीस मिनिटं चांगली उकळी द्या, मोठं लाकूड मावत नसेल तर अर्धं एकदा, मग उलटं करून दुसरं अर्धं. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात नाही, लाकूड ते शोषून घेतं आणि नंतर टँकमध्ये सोडतं. गार झालं की ताठ ब्रशने घासा, आता शेवाळ सुटून येतं. पाणी चहासारखं झालं तर तो लाकडाचा रंग आहे, घाबरू नका.

आणि आता जे फार कोणी करत नाही ते करा, लाकडावर सगळीकडे नख दाबून बघा. जिथे नख रुततं तिथे लाकूड कुजायला लागलंय, त्यातून घाण सतत पाण्यात उतरते आणि बीबीए परत तिथेच येतं. माझ्या लाकडाची एक फांदी अशीच मऊ झाली होती, दर वेळी तिथूनच सुरुवात. मऊ थर सुरीने खरवडून खाली कडक लाकूड लागेपर्यंत काढला, तेव्हा कुठे फरक पडला. आतपर्यंत मऊ असेल तर ते लाकूड टाकून द्या, जीव लावलेला असतो मला माहितीये, पण द्याच.

लाकडावर अनुबियास किंवा जावा फर्नसारखी पाण्यातली झाडं बांधलेली असतील तर उकळता येणार नाही, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे केमिस्टकडे मिळतं ते बहुतेक 6 टक्क्यांचं असतं, बाटलीवर 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की 3 टक्के होतं, आणि मी पुढे सांगतोय ते सगळं 3 टक्क्यांचं प्रमाण आहे, हे चुकवू नका. लाकूड बाहेर काढून फक्त शेवाळावर ब्रशने लावा, पाच मिनिटं थांबा, धुवा, परत ठेवा. मॉसवर लावू नका, मॉस जळतं.

लाकूड निघतच नसेल तर टँकमध्येच करायचं. फिल्टर बंद, सुई काढलेल्या सिरिंजने शेवाळाच्या अगदी जवळ जाऊन हळूहळू सोडायचं, बुडबुडे येतील. दोन फुटी टँकला, म्हणजे साधारण 45 लिटर पाण्याला, दिवसाला 15 मिली पुरे, कोळंबी असेल तर अर्धंच. दहा मिनिटांनी फिल्टर चालू, तासाभराने 30 टक्के पाणी बदला. मासे वर येऊन श्वास घ्यायला लागले तर लगेच एअरपंप लावा आणि पाणी बदला. दोन-तीन दिवसांत गुलाबी दिसलं म्हणजे मेलं, मग ते पांढरट होऊन गळतं.

पण लाइट दहा-बारा तास चालू असेल तर हे सगळं वाया. टायमर लावा, सहा तास बास, आणि खिडकीतलं थेट ऊन टँकवर येऊ देऊ नका. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नको, त्यातले चांगले बॅक्टेरिया जातात. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देत असाल तर रोज सारखं द्या, कमीजास्त झालं की बीबीएचं फावतं.

पाणी दर आठवड्याला बदला, पण वार बघून. पुण्यात पाइपलाइनच्या कामासाठी पाणी बंद ठेवायचं तर बहुतेक गुरुवारच असतो आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं, कधी कधी गढूळ, म्हणून मी बुधवारीच बदलतो, नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालूनच.

शेवाळ खाणारे मासे आणू का, असं बरेच जण विचारतात. सकर मासा बीबीए खात नाही. सियामीज अल्गी ईटर खातो, पण पाच-सहा इंचांचा होतो, दोन फुटी टँकमध्ये त्याला कोंडू नका. मोठा टँक असेल तर घेताना नीट बघा, त्याच्या अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते. मला एका दुकानात त्याच नावाने चायनीज अल्गी ईटर दिला गेला होता, मोठा झाल्यावर तो बाकीच्या माशांच्या अंगाला चिकटायला लागला.

महिन्याभराने लाकूड परत तपासा. फिल्टरचं पाणी जोरात आदळतं त्याच बाजूला नवे ठिपके आले असतील तर आउटलेट काचेकडे वळवा आणि ठिपके छोटे आहेत तोवरच सिरिंज घ्या.