लेसर डायोडची वारंवारता प्रवाहाने सरळ रेषेत कशी सरकवावी

लेसर डायोडमधील विद्युतप्रवाह बदलला की प्रकाशाची तीव्रता बदलतेच, शिवाय त्याची वारंवारताही सरकते. या गुणामुळे बाहेरचा मॉड्युलेटर (प्रकाशात हवा तो बदल घडवणारे उपकरण) न जोडताही अंतर मोजता येते आणि संदेश पाठवता येतो. मात्र प्रवाह सरळ रेषेत वाढवला तरी वारंवारता सरळ रेषेत सरकत नाही. म्हणून वारंवारता मोजण्याची सोय आधी करावी आणि मगच प्रवाहाच्या लहरीला हात लावावा.

यामागे एकमेकांविरुद्ध काम करणारी दोन कारणे आहेत. प्रवाह वाढल्यावर डायोड तापतो, त्याचा अपवर्तनांक (प्रकाशाचा वेग पदार्थात किती मंदावतो याचे माप) वाढतो आणि वारंवारता खाली येते. त्याच वेळी वाहकांची (विद्युतभार वाहणाऱ्या कणांची) घनता वाढल्याने अपवर्तनांक घटू पाहतो आणि वारंवारता वर ढकलली जाते. उष्णतेचा परिणाम मोठा पण संथ असतो, तर वाहकांचा लहान पण झटपट. १५५० नॅनोमीटरच्या साध्या डीएफबी लेसरमध्ये (एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारा लेसर डायोड) संथ बदलाला दर मिलिअँपिअरमागे साधारण १ गिगाहर्ट्झ सरकणे मिळते. मॉड्युलेशन, म्हणजे प्रवाहाची चढउतार, बरेच जलद झाले की हा आकडा काही शे मेगाहर्ट्झपर्यंत उतरतो. या दोन वेगांच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात, प्रतिसादात खड्डा पडतो आणि फेज (लहरीची आवर्तनातील स्थिती) जवळजवळ १८० अंशांनी उलटते. हा पट्टा प्रत्येक डायोडमध्ये थोडा वेगळा असतो, त्यामुळे माहितीपत्रकावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

मांडणी करताना ड्रायव्हर आणि तापमान नियंत्रक यांच्यावर कंजूषी करू नये. वरच्या हिशेबाने प्रवाहातील १ मायक्रोअँपिअरचा गोंगाट वारंवारतेत १ मेगाहर्ट्झचा गोंगाट होतो, आणि तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने हलले तरी वारंवारता १० मेगाहर्ट्झहून अधिक सरकते. डायोडनंतर लगेच ऑप्टिकल आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवावा, कारण परत येणारा थोडासा प्रकाशही लेसरला अस्थिर करतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फायबरच्या टोकात कधीही डोकावू नये.

आता प्रकाशाचा थोडा भाग असमान भुजांच्या माख-झेंडर इंटरफेरोमीटरमध्ये सोडावा; त्यात प्रकाश दोन वाटांनी जाऊन पुन्हा एकत्र येतो. फायबरची एक भुजा दुसरीपेक्षा १० मीटर लांब ठेवली, तर वारंवारता सुमारे २०.४ मेगाहर्ट्झ सरकली की डिटेक्टरवर एक पूर्ण आवर्तन दिसते. १० मिलिसेकंदांत ५० गिगाहर्ट्झ सरकवायचे असतील, तर सुमारे २,४५० आवर्तने मिळतील आणि त्यांची गती २४५ किलोहर्ट्झच्या आसपास हवी. ऑसिलोस्कोपवर ही आवर्तने सुरुवातीला दाटीवाटीने आणि पुढे विरळ, किंवा याच्या उलट, दिसत असतील, तर सरकण्याचा वेग एकसारखा नाही हे तेथेच स्पष्ट होते. प्रवाहाबरोबर तीव्रताही बदलत असल्याने दोन डिटेक्टरांची वजाबाकी करणारी संतुलित जोडी वापरावी.

दुरुस्तीसाठी डिटेक्टरच्या या संकेताचे हिल्बर्ट रूपांतर (लहरीची प्रत्येक क्षणाची फेज देणारी गणिती क्रिया) करून फेज काढावी आणि तिच्यावरून प्रत्येक क्षणाची वारंवारता मिळवावी. सरळ रेषेपासून तिचा जो फरक दिसेल, त्याला त्या ठिकाणच्या गिगाहर्ट्झ प्रति मिलिअँपिअर या गुणकाने भागून, चिन्हाकडे लक्ष देऊन, प्रवाहाच्या लहरीत उलट दुरुस्ती घालावी. संथ सरकवण्यात प्रवाह वाढला की वारंवारता घटते, त्यामुळे चिन्ह चुकले तर दोष वाढतच जातो. दुरुस्ती एकदम पूर्ण न घालता अर्धी घालून पुन्हा मोजावे. फरक कमी होत थांबेपर्यंत हे करत राहावे. प्रवाह सरळ रेषेत वाढवून पुन्हा घटवणाऱ्या त्रिकोणी लहरीच्या वळणाजवळ उष्णता मागे रेंगाळते आणि तेवढा तुकडा फारसा सुधारत नाही, तो मोजणीतून वगळणेच उत्तम. उरलेला पट्टा ५० गिगाहर्ट्झचा राहिला, तर अंतरमापनाची सूक्ष्मता ३ मिलिमीटर मिळते.

संदेशवहनात दोन वारंवारतांवर ० आणि १ पाठवताना हीच अडचण वेगळ्या रूपात येते. एकाच बिटची लांब रांग आली की डायोड हळूहळू तापतो किंवा थंड होतो आणि वारंवारता जागेवरून ढळते. त्यासाठी मँचेस्टरसारखा, प्रत्येक बिटमध्ये बदल असणारा संकेत निवडावा, म्हणजे उष्णतेचा परिणाम जाणवणाऱ्या संथ बदलांच्या पट्ट्यात ऊर्जा फारशी पडत नाही. मात्र त्याला दुप्पट बँडविड्थ (वारंवारतांचा पट्टा) लागते, आणि तेवढी ड्रायव्हरमध्ये आहे का, हे आधी तपासावे.