बाहुलीसाठी टोकदार ॲनिमे विग: आधी मूळ उभं करा, मग टोक

बाहुलीसाठी ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, पात्रासारखा टोकदार विग करायला बसलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो ‘हेअर स्प्रे जरा जास्त मार’ असा. स्प्रे जास्त मारला की बट जड होते आणि जड बट दोन दिवसांत मान टाकते. वरचं टोक कितीही कडक केलं तरी खाली मूळच लोळत असेल तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बाकीच्या पायऱ्या भराभर उरकू आणि मुळापाशी थांबू.

धागा

मोहेर (अंगोरा बकरीची लोकर) किंवा खरे केस या कामाचे नाहीत. दमट हवा लागली की त्यांचा आकार सुटतो. सिंथेटिक धागा गरम झाला की मऊ पडतो आणि ज्या आकारात थंड होईल तो आकार धरून बसतो. आपलं सगळं काम याच गुणावर चालतं. मात्र कानेकालॉनसारखा मोडॅक्रिलिक धागा (विगसाठीच्या सिंथेटिक धाग्याचाच एक प्रकार) १८० अंश सेल्सियसच्या स्ट्रेटनरखाली आक्रसतो आणि वितळतो. स्ट्रेटनर बाजूला ठेवा, हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर वापरा. धागा हव्या असलेल्या टोकाच्या निदान दीडपट लांब घ्या, कारण पुढच्या कामात बरीच लांबी खर्च होते.

टोपी

डोक्याचा घेर मोजा. १/३ मापाच्या (माणसाच्या एक तृतीयांश) बॉल-जॉइंटेड, म्हणजे गोल सांध्यांच्या, बाहुलीचा तो साधारण ८ ते ९ इंच असतो, १/४ मापाचा ७ ते ८. डोक्यावर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक), तिच्यावर ताणलं जाणारं पातळ कापड, कपाळाच्या रेषेवर रबरबँड. कापडावर पांढऱ्या पीव्हीए गोंदाचे दोन-तीन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. टोपी डोक्यावरून काढण्याआधी केसांची रेष आणि भोवऱ्याची जागा पेन्सिलीने आखून ठेवा.

पट्ट्या चिकटवणं

केस शिवलेली तयार पट्टी, म्हणजे वेफ्ट, मानेकडून वर चढत जात कापडाच्या गोंदाने चिकटवा. ग्लू गन नको. तिचा थर जाड बसतो आणि पुढे ड्रायर लावला की तोच गोंद मऊ होऊन पट्टी सुटते. सुपरग्लूही नको, त्याची पांढरट भुकटी गडद केसांवर कायमची दिसते.

इथे एक गोष्ट बहुतेक जण सांगतच नाहीत. ज्या बटा वर उभ्या राहायच्या आहेत त्यांच्या पट्ट्या उलट्या चिकटवायच्या, म्हणजे केस सुरुवातीपासूनच भोवऱ्याकडे निघतील. कपाळावरची पट्टी तर केस चेहऱ्यावर पडतील अशी चिकटवा आणि गोंद वाळल्यावर मागे परतवा. शिवण आपोआप झाकते आणि केसांना पहिली उभारी तिथेच मिळते.

मूळ उभं करणं

मलाही सगळ्यात जास्त झुंजवलं ते याच पायरीने. इथे घाई करणार असाल तर आज विग हातात घेऊच नका.

आधी बटा पाडा. ॲनिमेतले केस म्हणजे मोजके मोठे आकार असतात. बाहुलीच्या डोक्यावर वीस बारीक टोकं काढली तर साळिंदर दिसतं, आठ-दहा मोठी टोकं काढली तर पात्र दिसतं. प्रत्येक बटेचा पाया चौकोनी न घेता त्रिकोणी घ्या आणि वरच्या ओळीचा त्रिकोण खालच्या दोघांच्या मध्ये येऊ द्या, म्हणजे टोपी उघडी पडत नाही.

आता एकच बट घ्या. ती हवी त्या दिशेच्या थोडी पलीकडे ताणून धरा, कारण सोडल्यावर ती जराशी परत येतेच. ड्रायरचा गरम झोत फक्त मुळावर द्या. धागा बोटांखाली मऊ आणि घसरडा लागला की गरम झोत बंद करा, थंड झोत सुरू करा. पण बट सोडू नका. पुन्हा सांगते, पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. आकार बसतो तो थंड होताना, आणि नेमक्या त्याच वेळी लोक कंटाळून हात काढतात.

मग बॅककोंबिंग, म्हणजे केस उलटे विंचरणं. बटेचा पुढचा, दिसणारा थर क्लिपने बाजूला करा. मागच्या थरात बारीक दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे छोटे छोटे फटके मारा, तेही मुळाजवळच्या दीडेक सेंटिमीटरमध्येच. तिथे केसांची एक घट्ट गादी तयार होते आणि तीच पुढच्या थराला पाठीमागून टेकू देते. अख्खी बट विंचरून पिंजली तर घर झाडायच्या केरसुणीसारखी होते, टोक निघतच नाही. स्प्रे फक्त या गादीवर, एकदाच, आणि तो लगेच वाळवा.

आता टोक चिमटीत धरून वाकवा आणि सोडा. बट आपणहून जागेवर आली तर मूळ तयार आहे. नाही आली तर पुन्हा गरम करा. ही परीक्षा पास न झालेल्या बटेला गोंद लावू नका.

आणखी एक ताकीद. हे काम बाहुलीच्या डोक्यावर करू नका. स्प्रेमधलं अल्कोहोल चेहऱ्याच्या रंगकामाला मारक ठरतं. थर्माकोलचा त्याच घेराचा गोळा घ्या, त्याला क्लिंग फिल्म गुंडाळा आणि विग टाचण्यांनी पक्का करा.

टोक काढणं

कात्री आडवी चालवली की बट कुंचल्यासारखी बोथट होते. कात्री उभी धरा आणि बटेच्या मध्यापासून टोकाकडे घसरवत थोडे थोडे केस कमी करा. बट आधी नुसत्या कापणीने निमुळती झाली पाहिजे. मग पीव्हीए गोंदात तितकंच पाणी मिसळून शेवटच्या एक तृतीयांश भागावर चिमटीने ओढत न्या आणि जादा गोंद पुसून काढा. वाळताना तो पारदर्शक होतो. रात्रभर हात लावू नका.

झुलपं

कपाळावरची झुलपं सगळ्यात शेवटी, आणि बाहुलीला विग घालूनच कापा, कारण डोळ्यांची जागा गोळ्यावर कळत नाही. इथे बॅककोंबिंग नको.

बाहुलीला घालताना

मोठा विग घसरतो, म्हणून आत सिलिकॉनची टोपी घाला. गडद रंगाचा विग रेझिनच्या (एक प्रकारचं कडक प्लास्टिक) बाहुलीला डाग पाडू शकतो, त्यासाठीही हीच टोपी कामाला येते. विग काढताना टोकांना धरू नका, मानेकडची कडा उचला. एखादं टोक वाकलंच तर कोमट पाण्याचं बोट लावून गोंद मऊ करा, टोक पुन्हा ओढा आणि वाळू द्या.